दोन वर्षं ग्रुपमध्ये, तरी नोटेशन वाचता येईना: एका मुलीच्या वैयक्तिक व्हायोलिन क्लासचं प्रकरण

मी मुलांना व्हायोलिन शिकवतो. खाली लिहिलेल्या मुलीला मात्र मी शिकवलं नाही, तिच्या आईशी ओळख असल्यामुळे मला सुरुवातीपासून सगळं कळत गेलं आणि सल्ला द्यायला मी मध्ये होतो एवढंच. घरच्यांची परवानगी घेऊन लिहितोय, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. लिहायचं कारण असं की वैयक्तिक क्लासचे फायदे म्हटलं की लोक लगेच मेंदू, गणित, मार्क ह्यांच्यावर जातात, आणि मला जो खरा फायदा दिसतो तो एकदम साधा आहे, त्या अर्ध्या तासात एक जाणता माणूस फक्त ह्या एका मुलाचं ऐकत असतो. ह्या मुलीच्या बाबतीत त्याने नक्की काय बदललं आणि काय नाही बदललं ते सांगतो.

पार्श्वभूमी

मुलगी १० वर्षांची, पाचवीत. शाळा सुटल्यावर तिथेच आठवड्यातून एकदा पाऊण तासाचा ग्रुप क्लास, त्यात बाराएक मुलं. आठव्या वर्षी सुरू केलं होतं, आता तिसरं वर्ष. आई-बाबा दोघं नोकरीला, दोघांनाही वाद्य वाजवता येत नाही, घरात एक धाकटा भाऊ.

क्लासचे सर चांगले आहेत हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की दोष त्यांचा. बारा मुलांच्या व्हायोलिनला मिळून ४८ तारा, त्या सगळ्या सुरात लावायच्या म्हणजेच क्लासचा बराच वेळ गेला, मग उरलेल्या अर्ध्या तासात एकेका मुलाच्या वाट्याला दोन-अडीच मिनिटं येतात. त्यात कोण नोटेशन वाचून वाजवतंय आणि कोण शेजारच्याची बोटं बघून वाजवतंय हे कळणं खरंच अवघड असतं.

अडचण काय होती

मुलगी म्हणायला लागली की मला आता क्लास नको. कारण विचारलं तर "कंटाळा येतो", ह्यापलीकडे काही नाही. घरी रियाज जवळजवळ बंद. आईला वाटलं आळस, बाबांना वाटलं आवडच नसेल तर कशाला ओढायचं.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. हीच मुलगी घरी कुणी सांगितलेलं नसताना व्हायोलिन काढायची आणि टीव्हीवर ऐकलेली कार्टूनची धून स्वतः शोधून वाजवायची, तेही बऱ्यापैकी सुरात. कंटाळा आलेलं मूल असं करत नाही. आईने हे मला सहज बोलता बोलता सांगितलं आणि मी त्यांना म्हटलं की बंद करायचं का चालू ठेवायचं हे नंतर बघा, आधी कुणीतरी तिला एकटीला बसवून ऐकू दे.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय बंद करायचा. बाबांचा कल तिकडे होता आणि त्यांचं म्हणणं वेडंवाकडं नव्हतं, मुलांना दहा गोष्टी करून बघायचा हक्क असतो आणि त्यातल्या आठ सोडायचाही. फक्त ह्या मुलीला वाद्यच नकोय का ग्रुपमध्ये कसली तरी लाज वाटते म्हणून ती पळतेय हे कळल्याशिवाय सोडणं घाईचं होतं.

दुसरा, आहे तसं चालू ठेवायचं, वय वाढलं की येईल. ह्याला मी ठाम नाही म्हटलं, कारण चुकीची पकड वर्षागणिक पक्की होत जाते आणि मग सोडवायला दुप्पट वेळ लागतो.

तिसरा म्हणजे ॲप आणि व्हिडिओ. हा फुकटात किंवा कमी पैशात होतो म्हणून खूप पालक आधी इकडे जातात. सूर बरोबर लागला का, लय सुटली का, हे चांगली ॲप सांगतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण खांदा वर उचलला जातोय, अंगठा आवळलाय, श्वास रोखलाय, हे ॲपला दिसत नाही आणि व्हायोलिनमध्ये निम्मी दुखणी तिथेच असतात.

चौथा, वाद्य बदलायचं. पियानो किंवा कीबोर्ड घेतला तर सूर लावायची भानगडच नाही, पट्टी दाबली की सूर बरोबरच येतो. मुलीला विचारलं तर ती लगेच नाही म्हणाली. तिला व्हायोलिनच पाहिजे होतं. हे उत्तर माझ्या दृष्टीने ह्या सगळ्या चर्चेतलं सगळ्यात महत्त्वाचं होतं. गॅरी मॅकफर्सन नावाच्या संशोधकाने मुलांना वाद्य शिकायला लागायच्या आधीच विचारलं होतं की तू हे किती दिवस वाजवशील, आणि ज्यांनी खूप वर्षं म्हणून सांगितलं ती मुलं तेवढ्याच रियाजात बाकीच्यांपेक्षा कितीतरी पुढे गेलेली दिसली. त्यामुळे मूल काय म्हणतं ते ऐकायला दोन मिनिटं काढावीत, पालक नेमकं तेच विसरतात.

पाचवा वैयक्तिक क्लास, आठवड्यातून एकदा अर्धा तास. खर्च ग्रुपपेक्षा बराच जास्त, ने-आण वेगळी, आणि धाकट्याला त्या वेळात कुणी सांभाळायचं हा प्रश्न होताच.

बाबांनी इथे एक मुद्दा काढला की एवढा खर्च करायचा तर मग बुद्धी तरी वाढते ना, तसं वाचलंय. मी त्यांना जे माहीत आहे ते सांगितलं. मोझार्टचं संगीत ऐकलं की बुद्धी वाढते असं ज्यावरून पसरलं तो १९९३ चा प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होता, दहा मिनिटं संगीत ऐकवलं होतं आणि परिणाम पंधराएक मिनिटांत संपला, त्याचा शिकण्याशी काही संबंधच नाही. २००४ मध्ये ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांना घेऊन जास्त नीट प्रयोग केला, काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक शिकवलं आणि काहींना काहीच नाही. संगीतवाल्यांचा बुद्ध्यांक सरासरी सात गुणांनी वाढला, बाकीच्यांचाही चारच्या थोडा वर वाढलाच होता, म्हणजे फरक तीनेक गुणांचा. आणि गंमत म्हणजे ते क्लास सहा-सहा मुलांचे होते, वैयक्तिक नव्हतेच. पुढे २०२० मध्ये साला आणि गोबे यांनी असे पुष्कळ अभ्यास एकत्र केले तेव्हा संगीत शिकणाऱ्यांची तुलना दुसरं काहीतरी शिकणाऱ्या मुलांशी केली की फरक जवळपास शून्यावर येतो असं निघालं. मी त्यांना म्हटलं, मार्कांसाठी पैसे घालत असाल तर घालू नका, तिला व्हायोलिन यावं म्हणून घालत असाल तर विचार करा. ते थोडे हिरमुसले पण त्यानंतर बोलणं सरळ झालं.

ट्रायल क्लास आणि शिक्षक निवडणं

दोन शिक्षकांकडे एकेक ट्रायल घेतला. पहिल्यांनी स्वतः खूप सुंदर वाजवून दाखवलं, मुलीला एक तुकडा वाजवायला लावला आणि वर्षात पहिली ग्रेड परीक्षा देऊ म्हणाले. बाबा खूश.

दुसऱ्या बाईंनी आधी तिला तिच्या आवडीचं काहीही वाजव म्हणून सांगितलं. तिने कार्टूनची धून वाजवली. मग क्लासमधला तुकडा वाजवायला सांगितला, तोही आला. मग बाई म्हणाल्या, आता तिसऱ्या ओळीच्या मधून सुरू कर. आणि मुलगी गप्प. पानाकडे बघत राहिली. तिला वाचताच येत नव्हतं. दोन वर्षं सगळे तुकडे तिने ऐकून पाठ केले होते आणि सुरुवातीपासून वाजवलं तर येत होते, मधून सुरू करता येत नव्हते. ग्रुपमध्ये सर "पाचव्या मापापासून घ्या" म्हणाले (माप म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला भाग) की ती बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, हवेत धरून थांबायची आणि बाकीचे सुरू झाले की मागून उडी मारायची. कंटाळा म्हणजे हे होतं.

बाईंना अजून एक गोष्ट दिसली. त्यांनी तिला डी तारेवर करंगळीने सूर लावायला सांगितला आणि लगेच शेजारची ए तार मोकळी, म्हणजे बोट न ठेवता, वाजवायला सांगितली. हे दोन्ही सूर एकच यायला पाहिजेत. तिचा करंगळीचा कायम खाली येत होता. कानाला कळत होतं तिला, तोंड वाकडं करत होती, पण बोट पोचतच नव्हतं. मग बाईंनी व्हायोलिन खांद्यावर ठेवून तिचा डावा हात पुढे ताणायला लावला. वाद्याच्या टोकाचा गुंडाळलेला भाग तळहातात आरामात यायला पाहिजे आणि कोपर किंचित वाकलेलं राहायला पाहिजे, तिचा हात पूर्ण सरळ होऊनही जेमतेम पोचत होता. आठव्या वर्षी घेताना "पुढेही चालेल" म्हणून थ्री-क्वार्टर साइज, म्हणजे मोठ्यांच्या व्हायोलिनपेक्षा एकच पायरी लहान, घेतलं होतं आणि मुलगी अंगाने लहानखुरी, तिला अजूनही त्याहून लहान हाफ साइजच लागत होतं.

हे सगळं कळायला वीसेक मिनिटं लागली. दोन वर्षांत न कळलेलं. बाईंना जादू येते असं काही नाही, समोर एकच मूल असलं की दिसतं.

घरी चर्चा झाली. बाबांना पहिले शिक्षक हवे होते कारण त्यांनी ठरावीक टप्पा सांगितला होता, आणि पैसे घालणाऱ्याला टप्पा हवा असतो हे मला पटतं. आईने मुलीला विचारलं. ती म्हणाली, "त्या बाईंना कळलं." तेवढ्यावर ठरलं.

एक गोष्ट आईने न लाजता विचारली आणि प्रत्येकाने विचारावी असं मला वाटतं. क्लास चालू असताना दार उघडं राहील का आणि आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो तर चालेल का. बाई लगेच हो म्हणाल्या, उलट पहिले काही आठवडे आतच बसा म्हणाल्या. मूल एकटं मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत, हे कुठल्याच क्लासमध्ये गरजेचं नसतं. शिक्षकाला ह्या प्रश्नाचा राग आला तर दुसरा शिक्षक बघावा.

काय काय केलं

आधी हाफ साइजचं व्हायोलिन भाड्याने आणलं. स्वतःचं कपाटात गेलं. मुलीला हे लागलं, लहान मुलांचं वाद्य वाटलं तिला, पण पहिल्याच आठवड्यात करंगळी पोचली आणि तो विषय संपला.

मग वाचन. बाईंचा ह्यातला निर्णय मला फार आवडला. तिचे वाजवायचे तुकडे त्यांनी खाली आणले नाहीत. वाजवणं होतं त्याच पातळीवर ठेवलं आणि वाचनासाठी रोज दोन ओळी, अगदी पहिल्या वर्षाच्या, न ऐकलेल्या, एकदाच वाजवायच्या आणि पान उलटायचं. पाठ व्हायच्या आत संपवायचं, कारण हिचं पाठ लगेच होतं. कानाने वाजवायची सवय मोडायची नाही हेही त्यांनी आईला स्पष्ट सांगितलं. शिनिची सुझुकी यांची पद्धत तर कानावरच उभी आहे, मूल जसं बोलायला आधी आणि वाचायला नंतर शिकतं तसं, पण त्यात ती नंतरची पायरी असते आणि हिच्या बाबतीत ती राहून गेली होती.

रियाज मोठा न ठेवता दोन तुकड्यांत, सकाळी दहा-बारा मिनिटं आणि संध्याकाळी तेवढीच. वहीत मिनिटं लिहायची नाहीत, काम लिहायचं. "तिसरी ओळ, दुसरं माप, हळू, सलग तीनदा बरोबर आलं की बंद." मी स्वतः हे माझ्या विद्यार्थ्यांना लावून बघितलंय, अर्धा तास वाजव म्हटलं की मूल घड्याळ बघतं, हे माप सुधार म्हटलं की माप बघतं.

आईचं काम होतं वहीतलं वाचून दाखवणं आणि गप्प बसणं. हे तिला सगळ्यात जड गेलं असं ती स्वतः सांगते. आतून कुणी "चुकलं बघ" म्हणून ओरडलं की मुलगी बो खाली ठेवायची.

ग्रुप क्लास सोडायचा का? बाईंचं मत होतं की थोडे महिने थांबवू, कारण बो धरायची पकडही बदलायची होती आणि ती बदलताना ग्रुपच्या वेगाने वाजवायला लागलं की जुनी पकड परत येते. घरच्यांनी ऐकलं. ह्यावर पुढे बोलतो.

मधला वाईट काळ

दुसऱ्या महिन्यापासून ती आधीपेक्षा वाईट वाजवायला लागली. हे होणारच होतं, बाईंनी आधी सांगितलं होतं तरी प्रत्यक्ष ऐकताना घरच्यांचा धीर सुटला. बो धरायचा उजवा अंगठा वाकवायचा, करंगळी गोल करून काडीवर ठेवायची, आणि मोकळ्या तारांवर लांब लांब बो ओढायचे, आवाज करकर यायचा. जी मुलगी धुना वाजवायची ती आता एकच सूर घासत बसली होती. बाबा म्हणाले, पैसे देऊन उलटं चाललोय आपण.

इथे सोडलं असतं तर कुणी दोष दिला नसता. बाईंनी दोन गोष्टी केल्या. क्लासची शेवटची पाच मिनिटं मुलीची, ती काहीही वाजवेल, कुठल्याही पकडीने, बाई फक्त ऐकणार. आणि त्यांनी तिच्या मोकळ्या तारांचं रेकॉर्डिंग आईच्या फोनवर दर पंधरा दिवसांनी करून ठेवायला लावलं. महिन्याभराने पहिलं आणि तिसरं लागोपाठ ऐकवलं तेव्हा फरक मुलीने स्वतः सांगितला, कुणाला सांगावा लागला नाही. रोज ऐकणाऱ्याला सुधारणा ऐकू येत नाही, म्हणून हे रेकॉर्डिंगचं मी प्रत्येक पालकाला सांगतो.

शाळेच्या परीक्षेचा महिना आणि ग्रेडचा प्रश्न

वार्षिक परीक्षा आली तेव्हा क्लास महिनाभर बंद ठेवायचा विचार झाला. बाईंनी सुचवलं की क्लास ठेवा, रियाज दिवसाला दहा मिनिटांवर आणा आणि नवीन काही घेऊ नका. माझंही हेच मत होतं. एवढ्या नव्या पकडीला महिनाभर हात लावला नाही तर जुनी पकड वाट बघतच असते, आणि दहा मिनिटांनी कुणाचा अभ्यास बुडत नाही. तसंच केलं.

ग्रेडचा विषय बाबांनी परत काढला. बाईंनी कागदावर मांडून दाखवलं. एबीआरएसएम ह्या ब्रिटिश परीक्षा मंडळासारख्या आठ ग्रेडच्या परीक्षेत तुकडे असतात, स्केल म्हणजे चढते-उतरते सूर असतात, न पाहिलेलं वाचून वाजवायचं असतं आणि कानाची परीक्षा असते. ही मुलगी कानाच्या भागात चमकली असती आणि वाचनात पडली असती, आणि तिच्या मनात पडलेलाच भाग राहिला असता. वर्षभर परीक्षा नाही, त्याऐवजी तीन-चार महिन्यांनी घरच्या चार माणसांसमोर दोन तुकडे वाजवायचे असं ठरलं. बाबांना टप्पा मिळाला, मुलीला भीती मिळाली नाही.

काय बदललं, काय नाही

दीड वर्ष झालं आता. ती न ऐकलेला सोपा तुकडा समोर ठेवला की वाचून वाजवते, अडखळते पण थांबत नाही. करंगळीचा सूर लागतो. हाफ साइज परत करून तिचं तेच कपाटातलं थ्री-क्वार्टर बाहेर काढलं, आता ते मापात बसतं. शाळेच्या ग्रुपमध्ये परत गेली आणि सेकंड व्हायोलिनला, म्हणजे साथीचा दुसरा भाग वाजवणाऱ्यांत, बसते, सर म्हणाले की मधून सुरू करताना आता तिच्याकडे बाकीची बघतात. वर्षानंतर खर्च जड व्हायला लागला तेव्हा क्लास पंधरा दिवसांतून एकदा केला आणि चालून गेलं, कारण मधल्या दिवसांत काय करायचं हे तिला आता स्वतःला कळतं. माझ्या मते सगळ्यात मोठी कमाई ही आहे. स्वतःची चूक ऐकायची, तिचा तुकडा वेगळा काढायचा, हळू करायचा, परत जागेवर बसवायचा, हे तिला कुणीतरी शेजारी बसून आठवड्यामागून आठवडे दाखवलं.

गणिताचे मार्क होते तिथेच आहेत. वर्गात हात वर करायला लागली असं वर्गशिक्षिका म्हणाल्या, ते व्हायोलिनमुळे का वय वाढल्यामुळे हे मी सांगू शकत नाही आणि श्रेय घ्यायचीही इच्छा नाही. धाकट्याला मात्र बहिणीचा वेळ कमी झाला ह्याचा राग आहे, तो अजून गेलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वाद्याचं माप पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं. हात ताणून बघायला अर्धं मिनिट लागतं आणि दर सहा महिन्यांनी परत बघावं लागतं, मूल वाढत असतं.

ग्रुप पूर्ण थांबवणं मला आजही पटत नाही. चार-पाच महिने तिच्या मैत्रिणी तिथे आणि ही एकटी मोकळ्या तारा घासतेय, वाईट काळ त्यामुळे जास्त वाईट झाला. सुझुकी पद्धतीत वैयक्तिक आणि ग्रुप दोन्ही बरोबर चालतात ते उगाच नाही. सरांशी बोलून तिला ग्रुपमध्ये फक्त मोकळ्या तारांचा सोपा भाग देता आला असता, ती सगळ्यांत बसली असती आणि पकडही टिकली असती. बाईंचं मत वेगळं आहे, त्या म्हणतात जुन्या खोलीत जुनी सवय येते. आमचं ह्यावर एकमत झालेलं नाही.

सरांना आधी विचारायला हवं होतं हेही आहे. आई संकोचली, तक्रार वाटेल म्हणून. पण "हिला वाचता येतं का एकदा बघाल का" एवढा प्रश्न पहिल्या वर्षाच्या शेवटी गेला असता तर कदाचित वैयक्तिक क्लासचे चार-सहा महिनेच पुरले असते, दीड वर्ष नाही. ज्यांना दर आठवड्याचा खर्च झेपत नाही त्यांनी हे खास लक्षात घ्यावं. वर्षातून दोन-तीनदा जरी कुणी जाणत्याने मुलाला एकटं बसवून ऐकलं, पानाच्या मधून वाजवायला लावलं, आणि काय सुधारायचं ते वहीत लिहून दिलं, तरी ग्रुपमधल्या मुलाचं पुष्कळ काम होतं. मी ह्या वर्षीपासून माझ्या ग्रुपच्या मुलांना तशी वेळ द्यायला लागलोय, प्रत्येकाला वीस मिनिटं, सत्राच्या सुरुवातीला आणि मध्यावर.